रात्री नऊचं अंगण

वाऱ्याची दिशा किती अंश? पडद्यावर एवढाच प्रश्न होता आणि त्याच्यापुढे एक रिकामी चौकट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, घरात निजानीज झाली होती, आणि ज्या अंगणात मी लहानाची मोठी झाले त्या अंगणात एप्रिल महिन्यात वारा कुठून येतो, हे मला सांगता येत नव्हतं.

अंगण म्हणजे आमच्या सोसायटीच्या तीन इमारतींमधली जागा. कोथरूडमधली जुनी, तीन मजली सोसायटी. मधे मुरुमाची मोकळी जागा, तिच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात एक थोरला कडुनिंब, त्याच्याखाली सिमेंटचे दोन बाक. फेब्रुवारीच्या सभेत ठराव आला की सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि कडुनिंबाच्या बुंध्याभोवती तेवढं चौकोनी आळं सोडायचं. ठरावामागची कारणं खोटी नव्हती. पावसाळ्यात चिखल होतो, जिन्यापर्यंत तांबडी पावलं उमटतात, गेल्या वर्षी पहिल्या मजल्यावरचे आजोबा घसरून पडले होते. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, तेव्हा बोलणं भागच होतं. उठून म्हणाले, "ब्लॉक बसवले तर उन्हाळ्यात अंगण तापेल." सेक्रेटरी काकांनी चष्मा वर केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "तापेल हे खरं. पण किती? आकडा सांग ना. मेच्या शेवटच्या रविवारी सभा आहे, तोवर दे."

प्रश्न रास्त होता. उत्तर देण्याचं साधनही माझ्याकडे होतं. एन्व्ही-मेट नावाची एक प्रणाली आहे. जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठात मिखाएल ब्रूझं यांनी ती घडवली आणि १९९८ साली सहकाऱ्याबरोबर शोधनिबंधातून जगापुढे ठेवली. एखाद्या गल्लीचं, चौकाचं, अंगणाचं हवामान ती गणिताने उभं करते. सगळी जागा छोट्या छोट्या ठोकळ्यांत विभागायची, माझ्या अंगणासाठी दोन-दोन मीटरचे. मग प्रत्येक ठोकळ्यातली हवा, भिंत, पान, माती यांची एकमेकांशी चाललेली देवाणघेवाण ती काही सेकंदांच्या टप्प्यांनी मोजत जाते. ऊन कुठे पडलं, किती परतलं, किती मुरलं, पानांनी किती पाणी सोडलं, वारा कोपऱ्यावर कसा वळला. एका दिवसाचं गणित सोडवायला माझ्या लॅपटॉपला जवळजवळ दोन दिवस लागतात.

इमारती उभ्या करण्याचा भाग सोपा होता, दोन संध्याकाळींत झाला. जुना नकाशा होता, उंची मोजून घेतली, भिंतींना वीट आणि गिलावा सांगितला. त्यानंतर हवामानाचं पान उघडलं आणि तिथेच मी अडकले. दिवस कोणता? सुरुवात किती वाजता? किती तास? तापमान, आर्द्रता, वारा, ढग, मातीतली ओल? नकाशाच्या पानावर आपण जागा काढतो, तेव्हा जे दिसतं तेच काढत असतो. या पानावर मात्र आपण त्या जागेला एक दिवस देतो. तो दिवस कुठला द्यायचा, हे मी इतकी वर्षं फारसा विचार न करता ठरवत आले होते.

उदाहरणार्थ तारीख. आम्ही जे शिकलो त्यातली बहुतेक उदाहरणं युरोपातली. त्यांत सर्रास २१ जून असतो किंवा जुलैचा कुठला तरी दिवस. सर्वांत मोठा दिवस, सर्वांत जास्त ऊन, त्यांच्या दृष्टीने बरोबरच. हात सवयीने त्या तारखेकडे गेला आणि थबकला. पुण्यात २१ जूनला काय असतं? आभाळ भरलेलं असतं, छत्र्या वाळत घातलेल्या असतात. शिवाय त्या दिवशी दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो आणि सावल्या दक्षिणेला पडतात. पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास, सूर्य जातो साडेतेवीसपर्यंत. म्हणजे ती तारीख टाकली असती, तर माझा कडुनिंब मार्चमध्ये ज्या बाजूला सावली देतो तिच्या उलट बाजूला सावली देत उभा राहिला असता, आणि तीही बिनढगाच्या, पुण्याने कधी न पाहिलेल्या जूनमध्ये.

पुण्याचा ताप एप्रिलच्या शेवटाचा असतो. वळीव यायच्या आधीचे ते कोरडे, पांढरट दिवस. मी एप्रिलचा शेवटचा आठवडा धरला.

आता त्या दिवसाचे आकडे कुठून आणायचे? एक वाट तयार होती. इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब करणाऱ्यांसाठी शहरवार हवामानाच्या फायली मिळतात, वर्षभराच्या ८७६० तासांच्या ८७६० ओळी. पुण्याचीही आहे. पण ते वर्ष कधी घडलेलंच नसतं. अनेक वर्षांतून सर्वांत सर्वसाधारण जानेवारी निवडायचा, सर्वांत सर्वसाधारण फेब्रुवारी, असे बारा महिने वेगवेगळ्या वर्षांतून आणून जोडायचे. इमारतीचं सरासरी वीजबिल काढायला हे अगदी योग्य आहे. मला मात्र सरासरी एप्रिल नको होता. ज्या दिवशी अंगणातल्या बाकावर बसणाऱ्या शेजारच्या आजी म्हणतात "आज जीव नकोसा झाला", तो एप्रिल हवा होता. फाईल बाजूला ठेवली आणि शिवाजीनगरच्या वेधशाळेचे त्या उन्हाळ्याचे ताशी आकडे मिळवले. पारा चाळिशीला टेकला होता तो दिवस घेतला.

शिवाजीनगरच्या वेधशाळेबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. चौकाला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, नाव राहिलं. पण तिथला तापमापक ज्या परिस्थितीत ठेवतात ती जरा डोळ्यांसमोर आणा. मोकळी जागा, भोवती उंच काही नाही. पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी झडपांची लाकडी पेटी, माणसाच्या छातीच्या उंचीवर, दार उत्तरेला म्हणजे उघडलं तरी ऊन आत शिरू नये. वारा मोजायचा तो दहा मीटर उंच खांबावर. हे सगळं मुद्दाम केलेलं असतं. जवळच्या भिंतीचा, डांबराचा, झाडाचा परिणाम आकड्यात शिरू नये, म्हणजे पुण्याचा आकडा नागपूरच्या आकड्याशेजारी ठेवता येईल. शास्त्राला ते हवंच. पण माणसं राहतात ती नेमकी भिंतीजवळ, डांबराजवळ, झाडाखाली. पेपरात छापून येतं ते तापमान खरं असतं, फक्त त्या तापमानात कुणी राहत नाही. एकाच दुपारी शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव यांचे आकडे वेगळे येतात. मग तीन भिंतींत कोंडलेल्या आमच्या अंगणाची काय कथा.

तर वारा. अंश मोजायचे उत्तरेपासून, उजवीकडे: पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. आणि दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती. नवख्या माणसाचा इथे गोंधळ होऊ शकतो. मराठीत तो व्हायचं कारण नाही. आपण 'पश्चिमेचा वारा' म्हणतो तो पश्चिमेकडून आलेलाच. वेधशाळेचे आकडे सांगत होते की सकाळी जवळपास शांत, दुपारनंतर पश्चिम-वायव्येचा, संध्याकाळी जोर धरणारा. कोकणातून घाट चढून येणाऱ्या त्या झुळकेसाठी तर पुण्याची माणसं उन्हाळ्याच्या संध्याकाळी टेकडीवर जातात. पण आमच्या पश्चिमेला आता सात मजली इमारत झाली आहे. ती झुळूक अंगणात पोचते का?

मी रविवारी संध्याकाळी गच्चीवर गेले, हातात उदबत्ती घेऊन. याहून शास्त्रीय साधनं आहेत, पण रविवारी संध्याकाळी घरात उदबत्ती होती. कठड्यापाशी धूर सरळ पूर्वेला वाहत होता. खाली आले. पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या जाळीपाशी धूर आत ओढला गेला. अंगणात, बाकापाशी, आधी वर गेला, मग हळूच वळला आणि चक्क पश्चिमेला, कडुनिंबाकडे जायला लागला. मी तीनदा जागा बदलून पाहिलं. वरून जाणारा वारा समोरच्या इमारतीवर आपटून खाली उतरत होता आणि जमिनीलगत उलटा फिरत होता. पुस्तकात हा भोवरा मी शंभर वेळा काढलेला आहे, बाण दाखवून. आमच्या अंगणात, उदबत्तीच्या धुरात, तो पहिल्यांदा पाहिला. आजी बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हणून मी इकडे तोंड करून बसते. समोरून येतं ना वारं."

मग चौकटीत मी काय भरलं? पश्चिमच. कारण चौकट दहा मीटरवरचा वारा मागते, इमारतींच्या डोक्यावरून जाणारा. खाली तो कसा वळतो हे गणिताने सांगायचं असतं. पण आता मला पडताळायला काहीतरी हाताशी होतं. साध्या पद्धतीत दिवसभर एकच वारा धरला जातो. मी ती सोडली आणि तासातासाचा वारा देण्याची लांबची पद्धत घेतली. पहाटे थांबलेला आणि संध्याकाळी सुटणारा वारा हाच तर पुण्याच्या उन्हाळ्याचा स्वभाव. तो गाळून काय उरलं असतं?

ढगांचा हिशेब आठव्या भागांत करतात. आकाशाचे मनाने आठ भाग करायचे आणि किती झाकले ते सांगायचं. एप्रिलअखेरीस पुण्यात तो शून्य किंवा एक. पण निरभ्र म्हणजे स्वच्छ नव्हे. त्या दिवसांत हवेत धूळ असते, सिंहगड फिकट दिसतो, ऊन पांढरं होतं. सूर्यप्रकाश किती पोचतो हे प्रणाली अक्षांश आणि तारखेवरून स्वतः काढते आणि तो कमीजास्त करायला एक गुणक देते. हा गुणक खरा कशावर ठरवायचा तर मोजलेल्या उन्हावर. भारतात ऊन मोजण्याचं जाळं उभं राहिलं त्यात ॲना मणी यांचा मोठा वाटा. १९४८ मध्ये त्या पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या, आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षासाठी सौर प्रारणाची मापनकेंद्रं त्यांनी उभी केली. उपकरण भारतात बनलं पाहिजे आणि अचूक असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तो गुणक एकाच्या किंचित खाली आणताना मला त्यांची आठवण झाली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, या शिस्तीची ती माणसं.

आणि मग मी स्वतः जिथे चुकले तिथे येते.

मातीची ओल. तीन-चार थरांसाठी टक्केवारी विचारतात: वरचे वीस सेंटिमीटर, त्याखालचे पन्नासपर्यंत, मग दोन मीटरपर्यंत आणि त्याखाली. चौकटीत आधीच आकडे भरलेले होते. रात्र झाली होती, ते नेमस्त वाटले, मी पुढे गेले. दोन दिवसांनी निकाल आला आणि मी हरखले. भर दुपारी मुरुमाचं अंगण ब्लॉकच्या अंगणापेक्षा पृष्ठभागाला नऊ-दहा अंशांनी थंड! मी रंगीत नकाशे काढले, लाल आणि निळे. सेक्रेटरी काकांना फोन करायला मोबाईल हातात घेतला, तेवढ्यात खिडकीतून खाली पाहिलं. दुपारचे अडीच. सोसायटीचा कुत्रा मुरुमावरून पळत, पाय उचलत, जिन्याच्या फरशीकडे निघाला होता.

नऊ-दहा अंशांनी थंड अंगणावर कुत्रा पाय उचलत नाही.

मी खाली गेले, चप्पल काढून एक पाऊल मुरुमावर ठेवलं आणि लगेच उचललं. माळीदादांकडून पहार घेतली. वीतभर खोलपर्यंत माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी होती. पहारीच्या टोकाने खडे नुसते सुटत होते. पसाभर माती डब्यात भरून वर आणली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर दोनशे ग्रॅम घेतली, स्टीलच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवली. ओल मोजायची हीच रीत: रात्रभर वाळवायची, पुन्हा वजन करायचं, उडालं ते पाणी. दुसऱ्या दिवशी काटा १९३ वर होता. सात ग्रॅम. दोनशे ग्रॅम मातीत दीड चमचाभर पाणी.

चौकटीतले आकडे ओल्या जमिनीचे होते. हिरवळ आहे, आठवड्याला सर येऊन जाते, अशा जमिनीचे. ओली माती ऊन घेते ते पाण्याची वाफ करण्यात खर्च करते, म्हणून गार राहते. माझ्या गणितातल्या मुरुमाला घाम येत होता. खऱ्या मुरुमाच्या अंगात घामाचा थेंब नव्हता. फरक कागदावर छान दिसत होता, म्हणून मी तो तपासला नव्हता; उलट बाजूचा आला असता तर त्याच रात्री सगळ्या चौकटी पुन्हा उघडल्या असत्या. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. काकांनी माझ्यावर विश्वास टाकून आकडा मागितला होता.

कोरडी माती घालून पुन्हा फेरी लावली. मधे एकदा वीज गेली, अर्ध्यात तुटली, पुन्हा लावली. निकाल आला तो असा: भर दुपारी उन्हातला मुरूम ब्लॉकपेक्षा थंड नव्हताच, उलट दोनेक अंशांनी जास्त तापलेला. कारण उघड आहे. कोरड्या मुरुमाच्या खड्यांमध्ये हवा असते, ती उष्णता खाली जाऊ देत नाही, म्हणून सगळं ऊन वरच्या पापुद्र्यात साठतं. काँक्रीटचा ब्लॉक ते आत आत घेत राहतो. म्हणजे दुपारच्या दोनचा आकडा सभेत ठेवला तर ठराव ब्लॉकच्या बाजूने एकमताने पास.

माझी फेरी सकाळी सहाला सुरू होऊन संध्याकाळी सहाला संपत होती. बारा तास. हेही सवयीनेच भरलेलं, कारण दिवसाचा ताप बघायचा तर दिवस पुरे. पण एप्रिलमध्ये दुपारी दोनला आमच्या अंगणात असतं कोण? ते कुत्रंसुद्धा नसतं. माणसं येतात साडेसातनंतर. मुलं क्रिकेट आवरून, बायका भांडी आटपून, आजी-आजोबा बातम्या संपल्यावर. रात्री नऊला दोन्ही बाक भरलेले असतात, कुणी खुर्ची घेऊन येतं. अंगण वापरतात ते रात्री नऊला, आणि माझं गणित सहाला मिटत होतं.

मी कालावधी अठ्ठेचाळीस तास केला. पहिला दिवस सोडून द्यायचा, कारण सुरुवातीला भिंतींच्या पोटात उष्णता नसते, ती एक दिवस तापू द्यावी लागते. दुसऱ्या दिवसाचे रात्रीचे नऊ बघायचे.

हे चालू असताना तेरा मे आला. त्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. मला तो एका बारीकशा कारणासाठी हवा होता. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून आपली खरी माध्यान्ह बाराला न होता साडेबाराच्या सुमाराला होते. प्रणालीत वेळेचा पट्टा साडेपाच तास असा भरला होता. तो नीट बसला आहे का? मी त्या तारखेची सावल्यांपुरती एक चाचणी घेतली आणि त्या दिवशी सोसायटीतल्या पोरांना गोळा केलं. अंगणात पाण्याचा स्टीलचा पेला पालथा ठेवला. सगळे उकिडवे बसले, डोक्यावर रुमाल. सावली पेल्याच्या पश्चिमेला चंद्रकोरीएवढी, मग नखाएवढी, मग कडेची रेघ, आणि साडेबारा वाजून एखादं मिनिट झालं तेव्हा नाहीच. धाकटी म्हणाली, "ताई, पेल्याखाली गेली का ती?" पडद्यावरही इमारतींच्या सावल्या त्याच मिनिटाच्या आसपास पायाशी गोळा झाल्या होत्या. एवढी एक चौकट तरी निर्धास्त झाली.

आणखी एक चौकट होती, माणसाची. हवेचं तापमान सांगून माणसाला काय वाटतं ते कळत नाही. त्यासाठी प्रणाली एक माणूस उभा करते आणि त्याच्या अंगाला ऊन, वारा, भिंतीची धग किती लागते ते मोजते. हा माणूस ठरलेला आहे: पुरुष, वय ३५, उंची पावणेदोन मीटर, वजन ७५ किलो, अंगात पूर्ण कपडे. जगभरच्या निकालांची तुलना व्हावी म्हणून तो एकच ठेवतात, ते मला पटतं. पण आमच्या बाकावर तो कधीच बसत नाही. बाकावर असतात ऐंशीच्या आसपासच्या आजी, पाच फुटांच्या आतल्या, सुती पातळातल्या. मी एक फेरी ठरलेल्या माणसाची ठेवली आणि एक आजींची केली. वय, उंची, वजन विचारायला गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "रेशनकार्डाचं काही आहे का?" मग हसून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवसाच्या रात्री नऊला ब्लॉकचं अंगण मुरुमापेक्षा पृष्ठभागाला चारेक अंशांनी गरम होतं. मुरुमाने दिवसभराचं ऊन वरच्यावर धरलं होतं, सूर्य कलल्यावर ते तितक्याच वेगाने आभाळाला देऊन टाकलं. ब्लॉक आत घेतलेलं सावकाश परत करत होता, नेमका माणसं बाहेर बसायच्या वेळी. हवेच्या तापमानात फरक मात्र थोडा, अर्ध्या अंशाच्या आतबाहेर. आणि या दोन्हींपेक्षा ठळक काय होतं, तर कडुनिंब. दुपारी त्याच्या सावलीत अंगावर येणारी धग उन्हातल्यापेक्षा वीस अंशांहून जास्त कमी. खाली मुरूम आहे की ब्लॉक, याने त्यात फारसा फरक पडत नव्हता. गुढीपाडव्याला तांबूस पालवी येते आणि एप्रिलअखेर छत्र भरून येतं. पानांची दाटी भरताना मी ती भरलेली धरली होती, खिडकीतून बघून.

रात्रीच्या आकड्यांबरोबर मला एक जुनी गोष्ट फार आठवत होती. एल. ए. रामदास पुण्याच्या हवामान खात्यात शेतीहवामानाचं काम करत. १९३२ साली त्यांनी आणि आत्मनाथन यांनी प्रसिद्ध केलं की निरभ्र, शांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, ती जरा वर, वीत-दोन वितींच्या अंतरावर असते. तोवरच्या समजुतीप्रमाणे जमीनच सर्वांत गार असायला हवी होती. लोकांनी मापन चुकलं म्हटलं. पुढे इतरांनीही मोजलं आणि तसंच आलं. त्या थराला आज जगभर रामदास थर म्हणतात. कुणीतरी उघड्या मातीपाशी, रात्री, विताविताच्या अंतराने तापमापक लावून बसलं होतं, आणि आकडा अपेक्षेविरुद्ध आला तेव्हा त्याने आकड्यावर विश्वास ठेवला. माझ्या प्रणालीत जमिनीलगतच्या ठोकळ्याचे पाच पदर केलेले असतात, तिथेच जास्त बारीक बघायला हवं म्हणून. ते पाच पदर उघडताना मला दर वेळी ती माणसं कंदिलाच्या उजेडात वाकलेली दिसतात.

मेच्या शेवटच्या रविवारी सभा झाली. मी तीन कागद नेले. पहिल्यावर लिहिलं होतं की दुपारी मुरूम आणि ब्लॉक यांत तुम्हाला भावेल असा फरक नाही. मुरूम थोडा जास्तच तापतो. दुसऱ्यावर रात्री नऊ. तिसऱ्यावर कडुनिंब. पहिला कागद वाचल्यावर काका म्हणाले, "अगं, मग तू आमच्याच बाजूने बोलतेयस की." मी म्हटलं, "पुढचे दोन बघा." त्यांनी बघितले. दुसऱ्या कागदावर बराच वेळ बोट ठेवून होते. मग सगळ्यांना विचारलं, "आपण बसतो केव्हा?"

ठराव बदलला, पण मला हवा तसा नाही. जिन्यांपासून फाटकापर्यंतचा पट्टा आणि गाड्यांची जागा ब्लॉकची. मधला भाग आणि बाकांची बाजू मुरुमाची राहणार, खाली चर खणून पाण्याला वाट करून देणार म्हणजे चिखल होणार नाही. आजोबा घसरले होते ती जागा पट्ट्यात आली. बुंध्याभोवतीच्या चौकोनी आळ्याऐवजी कडुनिंबाच्या सगळ्या छत्राखाली माती मोकळी सोडायची, आणि पूर्वेच्या मोकळ्या कोपऱ्यात एक करंज लावायचा. ओल्या मातीचा पहिला निकाल मी दाखवला नाही, पण झालेली चूक सांगितली. कुणी काही बोललं नाही. माळीदादा म्हणाले, "एप्रिलात कसली ओल, ताई."

परवा मी कडुनिंबाच्या फांदीला एक छोटा तापमाननोंदक टांगला, पांढऱ्या प्लास्टिकच्या बश्या उलट्या एकावर एक बसवून त्याला झडपांची पेटी केली आहे. दर दहा मिनिटांनी नोंद करतो. दुसरा समोरच्या पट्ट्याजवळ आहे. पहिल्या रात्रीचे आकडे उतरवून घेतले. नऊला माझं गणित सांगतं त्यापेक्षा अंगण जवळजवळ एका अंशाने गार होतं. त्या रात्री वारा जरा जास्त होता, दाराचे पडदे हलत होते. मी उदबत्ती घेऊन पुन्हा खाली गेले. बाकावर आजी होत्याच. धूर आधी वर गेला, वळला, आणि आज पश्चिमेऐवजी दक्षिणेला, दोन इमारतींमधल्या फटीकडे निघाला. "आज इकडून येतंय," असं म्हणत त्यांनी बसल्या बसल्या तोंड फिरवलं आणि शेजारची जागा हाताने झटकून मला बसायला करून दिली.